आधी नोंद, मग कुलूप, मग साफसफाई : घरातल्या सगळ्यांचा ऑनलाइन खासगीपणा आणि नाव कसं जपायचं

घोडबंदर रोडवरच्या एका घरात अकरावीतल्या मुलीच्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं. फोटो तिचेच होते, मजकूर घाणेरडा. तिच्या बाबांनी घाबरून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'सगळ्यांनी ताबडतोब रिपोर्ट करा.' दोन तासांत खातं दिसेनासं झालं आणि घरच्यांना हायसं वाटलं. आठ दिवसांनी थोड्या वेगळ्या नावाने तेच खातं परत आलं. या वेळी ते पोलिसांकडे गेले, तेव्हा आधीच्या खात्याची लिंक मागितली गेली. त्यांच्याकडे होता एक कापलेला स्क्रीनशॉट. त्यात ना यूजरनेम होतं, ना तारीख.

ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक कुटुंबांबरोबर बसून मी त्यांचा ऑनलाइन खासगीपणा जपायचं काम करते. लोक निष्काळजी असतात असं मला कधीच वाटलं नाही. उलट धडपड खूप करतात, पण क्रम चुकतो. पुरावा ठेवण्याआधी पोस्ट उडवतात, ईमेल सुरक्षित करण्याआधी फेसबुकचा पासवर्ड बदलतात, आणि मुलांचे फोन तपासतात पण आईबाबांच्या स्वतःच्या भिंतीवर मुलांचे पहिलीपासूनचे फोटो उघडे असतात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले पाच घरात सगळं सुरळीत असताना करायचे आहेत. सहावा मुलांबरोबर बसून करायचा आहे, सातवा अडचण आल्यावर लागेल, पण तोही आजच वाचून ठेवा. आठवा हे सगळं पुन्हा कधी तपासायचं ते सांगतो.

## टप्पा १ : एक वही, एक रविवार, घरातले सगळे

हे काम फोनवर एकट्याने, रात्री अकरा वाजता करू नका. रविवारी सकाळचे दोन-तीन तास काढा. आजी-आजोबांसकट सगळे आपापले फोन चार्ज करून एकत्र बसा. एक साधी कागदाची वही घ्या. माहिती फोनच्या नोट्समध्ये लिहू नका. फोन हरवला तर नेमकी तीच लागणार आहे.

प्रत्येकाला एक पान द्या आणि त्यावर लिहा :

- चालू मोबाईल नंबर, आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे
- पूर्वी वापरलेले, आता बंद केलेले नंबर
- सगळे ईमेल, जुना कॉलेजातलाही
- सोशल मीडियाची खाती, वापरात नसलेलीही
- कुठलं खातं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडं आहे

पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका.

बंद नंबरांची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेकजण गाळतात. आपण सोडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या जुन्या जीमेलला किंवा फेसबुकला तोच नंबर जोडलेला राहिला असेल, तर पासवर्ड बदलण्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. पुण्याहून खारघरला बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांच्या चार खात्यांना सहा वर्षांपूर्वीचा नंबर जोडलेला निघाला होता.

तपासा : सासूबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप सुनेने उघडून दिलं आणि पिन तिलाच माहीत, बाबांचा ईमेल मुलाने काढून दिला आणि रिकव्हरी नंबर मुलाचा, अशा गाठी घराघरात असतात. त्या आज फक्त लिहून काढा. सोडवायच्या पुढच्या टप्प्यात.

## टप्पा २ : सिम आणि ईमेल. बाकी सगळं नंतर

घराच्या बाकीच्या सगळ्या किल्ल्या या दोन खुंट्यांना टांगलेल्या आहेत. इन्स्टाग्रामचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, 'पासवर्ड विसरलो' दाबलं की तो बदलायचा कोड ईमेलवर नाहीतर नंबरवरच येतो.

सिम. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नसल्याचं तिथेच कळवता येतं. घरात ज्यांच्या नावावर सिम आहे अशा प्रत्येकाने हे करायचं. आजोबांच्या कागदपत्रांची झेरॉक्स किती दुकानांत गेली असेल, विचार करा.

ईमेल. या क्रमाने :

१. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल, म्हणजे खातं परत मिळवायला जोडलेले नंबर आणि ईमेल, तपासा, जुने काढा.
२. कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते पाहा. विकलेला फोन, ऑफिसचा जुना लॅपटॉप, सायबर कॅफेतला संगणक दिसला तर तिथून साइन आउट करा.
३. मग नवा पासवर्ड ठेवा.
४. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा. फोन हाताशी नसताना खातं उघडायला गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते वेगळ्या कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवा.

पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट पासवर्ड बदलला, तर जुन्या नंबरवरून तो पुन्हा बदलता येतो. केलेली मेहनत वाया.

व्हॉट्सअ‍ॅप. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये सहा आकडी पिन ठेवा आणि ईमेलही जोडा. पिन विसरला आणि ईमेल जोडलेला नसला तर सात दिवसांपर्यंत ताटकळावं लागतं. मग 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथे न ओळखता येणारा संगणक दिसला तर लॉग आउट करा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी उघडलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब तसंच राहिलेलं मी स्वतः तीन घरांत पाहिलं आहे.

सावध : पिन जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, फ्लॅट नंबर दोनदाही नको.

## टप्पा ३ : परक्याच्या नजरेने स्वतःला शोधा

आता घराबाहेर उभं राहून आपल्याच खिडकीत डोकवायचं. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमचं स्वतःचं खातं आड येणार नाही.

नाव मराठीत शोधा, मग इंग्रजीत, मग इंग्रजीतल्या सगळ्या स्पेलिंगने. आपल्या आडनावांची तीन-तीन स्पेलिंगं असतात आणि एकात काही सापडलं नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. नावापुढे शाळा, कंपनी, सोसायटी, गाव जोडून पाहा. मोबाईल नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. प्रोफाइल फोटो गूगल लेन्समध्ये टाका. एखाद्या यूपीआय अ‍ॅपमध्ये आपला नंबर टाकला की बँकेतलं नाव समोर येतं, तेही पाहून घ्या; ऑनलाइन जुनं सामान विकताना समोरच्याला तेच दिसतं.

जे सापडेल ते वहीत तीन रकान्यांत लिहा : आपण स्वतः टाकलेलं, ओळखीच्यांनी टाकलेलं, आणि संस्थेने किंवा वेबसाइटने टाकलेलं. प्रत्येक गोष्टीची लिंक जपून ठेवा. अजून काहीही उडवू नका.

तिसऱ्या रकान्यातलं सगळं निघत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. घराच्या खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा सारांश, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. ती सार्वजनिक नोंद आहे. म्हणजे घर कुठे आहे हे शोधणाऱ्याला सापडू शकतं. पण घर कधी रिकामं असतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आपली ताकद तिथे लावा.

## टप्पा ४ : कुलूप

मेनूंची जागा अधूनमधून बदलते. सापडलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत नाव टाका.

फेसबुक. तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, मित्रयादी. ती 'ओन्ली मी' करा. काकांच्या नावाने आणि फोटोने दुसरं खातं उघडून त्यांच्याच ओळखीच्यांना 'दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव' असे मेसेज जातात, ते या उघड्या यादीमुळे. फोटो चोरायला एक क्षण लागतो, पण मित्रयादी मिळाली नाही तर चोराला मेसेज कुणाला पाठवायचा हेच कळत नाही. ज्येष्ठांच्या खात्यावर एकच बदल करायला वेळ असेल तर हा करा.

दुसरी, 'लिमिट पास्ट पोस्ट्स'. याने आतापर्यंतच्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. हे एका फटक्यात परत उलटवता येत नाही, म्हणून व्यवसायाच्या पोस्ट त्याच खात्यावर असतील तर थांबून विचार करा.

तिसरी, प्रोफाइल लॉक. भारतात ही सोय आहे आणि विशेषतः आई-मावशींच्या खात्याला उपयोगी आहे.

सावध : टॅग तपासण्याची सेटिंग चालू केली तर तुम्हाला टॅग केलेला फोटो तुमच्या भिंतीवर येत नाही, इतकंच. ज्याने टाकला त्याच्या भिंतीवर तो तसाच असतो.

इन्स्टाग्राम. खातं प्रायव्हेट केलं की काम झालं, असं जवळजवळ प्रत्येक मुलगा-मुलगी सांगते. पण प्रायव्हेट करण्याआधी आत आलेले फॉलोअर आतच राहतात. यादी वरपासून खालपर्यंत वाचा आणि जे ओळखता येत नाहीत त्यांना काढा. काढल्याचा निरोप त्यांना जात नाही. मग बायो पाहा. शाळा, इयत्ता, वाढदिवस, 'ठाणेकर', क्लासचं नाव असं सगळं बायोमध्ये असेल तर खातं प्रायव्हेट असूनही मुलाचा दिवसभराचा पत्ता जगाला कळतो, कारण बायो सगळ्यांना दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅप. प्रोफाइल फोटो आणि स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवलं की लोकांना सुरक्षित वाटतं. आता तुमची कॉन्टॅक्ट यादी उघडा. त्यात इस्टेट एजंट आहे, गिझर दुरुस्त करणारा आहे, दोन वर्षांपूर्वी सोफा विकत घेऊन गेलेला माणूस आहे. सहलीला गेल्यावरचं स्टेटस हे सगळे पाहतात. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' वापरा किंवा स्टेटससाठी मोजक्याच माणसांची यादी करा. ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तेही बदला.

तपासा : घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, तुम्ही मित्रयादीत नसलेल्या खात्यावरून तुमचं पान उघडा. जे दिसतं तेच खरं.

## टप्पा ५ : साफसफाई

आधी स्वतःच्या खात्याची प्रत उतरवून घ्या. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगल तिन्हीकडे आपली माहिती डाउनलोड करायची सोय आहे. बाळाच्या बारशाचे फोटो फक्त फेसबुकवरच होते आणि साफसफाईत गेले, असं एका घरात झालं. ते परत आले नाहीत.

मग वहीतला पहिला रकाना घ्या. सगळं उडवायची गरज नाही. ज्यातून दुसरं काही उघडतं ते आधी काढा.

लग्नाचा बायोडाटा. मला यावर सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे याला कुणी खासगी कागद मानतच नाही. एका पानावर जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, पगार, कंपनी, घरचा पत्ता, वडिलांचा नंबर, भावंडांची नावं आणि मामाकुळ. मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि खाती परत मिळवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत हा ठरलेला प्रश्न आहे. ही पीडीएफ वधू-वर ग्रुपांवर फिरते, लग्न होऊन मूल झाल्यावरही फिरत राहते. नवा बायोडाटा बनवत असाल तर पहिल्या फेरीसाठी जन्मतारखेऐवजी वय, पत्त्याऐवजी 'ठाणे पश्चिम' किंवा 'नेरूळ', कंपनीच्या नावाऐवजी क्षेत्र आणि संपर्काला घरातल्या एकाच मोठ्या माणसाचा नंबर एवढंच ठेवा. बोलणी पुढे गेली की पत्रिका आणि बाकीचं द्या. जुना फिरत असेल तर जिथे जिथे तुम्ही पाठवला ते ग्रुप आठवून अ‍ॅडमिनला काढायला सांगा. सगळीकडून निघणार नाही. म्हणून ज्या खात्यांत आईच्या माहेरच्या आडनावाचा प्रश्न ठेवला असेल तिथलं उत्तर आजच बदला.

दहावी-बारावीचं हॉलतिकीट. राज्य मंडळाचा निकाल बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून पाहता येतो. हॉलतिकिटाचा फोटो स्टेटसला ठेवला की तुमच्या मुलाचे गुण तुमच्याआधी शेजाऱ्यांना कळू शकतात. ज्या मुलाला कमी गुण पडतात त्याला हे फार लागतं.

आधार. कुठेही प्रत पाठवायची वेळ आली तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. बायोमेट्रिक लॉक करायची सोयही आहे.

बाकी थोडक्यात, याचे फोटोही काढा : नव्या घराच्या चावीबरोबर दिसणारी फ्लॅटची पाटी, विमानाचा बोर्डिंग पास, गाडीचं आरसी, ऑफिसचं ओळखपत्र, गणवेशावरचं शाळेचं नाव.

दुसऱ्या रकान्यासाठी भांडण नको. काकूंना फोन करा किंवा असं लिहा : 'काकू, गणपतीचा फोटो फार छान आलाय. फक्त त्यात ओवीच्या शाळेचं नाव दिसतंय. तेवढा काढाल का? मी कापून दुसरा पाठवते.' दुसरा फोटो बरोबरच पाठवा. हाताशी पर्याय असला की माणसं राजी होतात. नुसतं 'काढा' म्हटलं की ओरडल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या रकान्यासाठी आधी त्या संस्थेला ईमेल करा, लिंक देऊन. पान निघालं तरी गूगलच्या शोधात काही काळ दिसत राहतं. तेव्हा गूगलच्या 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' पानावर लिंक टाका. पान अजून उघडं असताना इथे विनंती केली तर ती नाकारली जाते, आणि लोक नेमकं तेच करतात.

सोसायटीच्या कमिटीत असाल तर तुम्हालाही सांगते : थकबाकीदारांची यादी आणि पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांचं सीसीटीव्ही चित्रण ग्रुपवर टाकणं थांबवा. वाद असेल तर त्या घराला पत्र द्या.

## टप्पा ६ : मुलांबरोबर, मुलांच्या मागे नाही

इन्स्टाग्रामसाठी वयाची अट तेरा वर्षं आहे. खोटं जन्मसाल टाकून खातं उघडून दिलं की मूल मोठ्यांमध्ये गणलं जातं आणि किशोरांसाठीचं संरक्षण त्याला मिळत नाही. भारतात २०२५ पासून तिथे टीन अकाउंट आहेत. ती आपोआप प्रायव्हेट असतात आणि सोळाखालच्या मुलांना ती बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. जन्मसाल चुकीचं असेल तर दुरुस्त करा.

मुलाचा फोन हिसकावून तपासू नका. तसं केलं की दुसरं खातं उघडलं जातं, आणि खरी अडचण आली की मूल तुमच्याकडे येत नाही. त्यापेक्षा घरात एक नियम ठेवा, जो आईबाबांनाही लागू असेल : ज्याचा फोटो, त्याला विचारून. चौथीतली मुलगी 'नको' म्हणाली तर आजीच्या स्टेटसलाही तो फोटो जाणार नाही. हे पाळलेल्या घरांत मुलं स्वतःहून मोठ्यांना विचारू लागतात, हे मी पाहिलं आहे.

एक वाक्य मुलांना आजच सांगा, आणि मनापासून सांगा : 'तुझ्या हातून काहीही गेलं असेल, कुठलाही फोटो, तरी आधी मला सांग. मी रागावणार नाही, आपण मिळून बघू.' धमकी देणारा मुलांच्या याच भीतीवर जगतो.

## टप्पा ७ : घडलंच तर

पहिला अर्धा तास : फक्त नोंद. उत्तर देऊ नका, ब्लॉक करू नका, ग्रुपवर टाकू नका.

- पूर्ण स्क्रीनचे स्क्रीनशॉट घ्या, कापू नका. वेळ आणि तारीख दिसू द्या.
- प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. वर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवतो, यूजरनेम लिहा.
- इन्स्टाग्रामवर 'अबाउट धिस अकाउंट' उघडून खातं कधी सुरू झालं तेही टिपा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आधी चॅट एक्स्पोर्ट करा. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्याय येतो, त्यापुढची खूण काढून टाका.
- मूळ फोन फॉरमॅट करू नका, बदलूही नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

सावध : अठरा वर्षांखालच्या कुणाचं अश्लील चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून 'पुरावा' म्हणून कुणालाही पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली ते पाठवणं हाच गुन्हा आहे. लिंक आणि यूजरनेम लिहा, फोन तसाच पोलिसांना दाखवा.

मग तक्रार. पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. इथे मात्र स्क्रीनशॉट नंतर, फोन आधी. बाकी प्रकारांत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांबाबतच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पोलीस ठाणं कुठलं यावर अडू नका. कळवा, डोंबिवली ठाणे आयुक्तालयात येतात. वाशी, खारघर, पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात. पण हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. खोटी ओळख वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६क आणि ६६ड, खासगी चित्रांबद्दल ६६इ आहे, हे लेखी अर्जात लिहा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

मग रिपोर्ट. पुरावा झाला, तक्रार झाली, आता खातं बंद करायला हरकत नाही. ज्याची नक्कल झाली त्याने स्वतः 'माझ्या नावाने वागतो' हा प्रकार निवडून केलेली एक तक्रार, शंभर शेजाऱ्यांनी 'आवडलं नाही' म्हणून केलेल्या तक्रारींपेक्षा कामाची असते. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर तीस दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

खासगी चित्रं पसरवण्याची धमकी असेल तर मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आणि अठराखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' या सेवा आहेत. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या ते चित्र अडवतात. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

टीका असेल तर वेगळं वागा. तुमच्या पोळीभाजी केंद्राला कुणी एक तारा दिला, किंवा सोसायटीच्या वादात नाव घेतलं, म्हणून तो सायबर गुन्हा होत नाही. त्या रात्री उत्तर लिहू नका. सकाळी चार ओळींत वस्तुस्थिती लिहा, एकदाच लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय टाकू नका. धादांत खोटा आरोप असेल तरच लिंक जपून वकिलाकडे जा.

## टप्पा ८ : वही पुन्हा कधी उघडायची

नवा नंबर, नवा फोन, शाळा बदलली, घर बदललं, लग्न ठरलं, घटस्फोट झाला, की त्याच आठवड्यात. जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी आधी व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करा, मग सगळी खाती साइन आउट करा, मग फॅक्टरी रीसेट.

घरातल्या ज्येष्ठांबरोबर एक अवघड बोलणं याच वेळी करून घ्या. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि फेसबुकवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो, म्हणजे माणूस गेल्यावर खातं कुणी सांभाळायचं ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. नौपाड्यातल्या एका आजोबांनी नातीचं नाव दिलं, आणि आपले कुठले फोटो ठेवायचे, कुठले काढायचे ते तिला त्याच बैठकीत वहीत लिहून दिलं.

काहीच घडलं नाही तर वर्षातून दोनदा : गुढीपाडव्याआधीचा रविवार आणि दसऱ्याआधीचा रविवार. या दोन्ही तारखा आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि वही घराच्या कागदपत्रांच्या फाइलशेजारी ठेवा. बॅकअप कोडचा कागद मात्र वेगळ्या पाकिटात.